मुलांचे अपचन : पोट निरोगी, तरी दुखणे खरे

"आई, पोट दुखतंय," हे शब्द शाळकरी मूल असलेल्या कोणत्याही घराला अपरिचित नाहीत. बहुतेक वेळा हे दुखणे संध्याकाळपर्यंत विसरलेही जाते. परंतु काही मुलांच्या बाबतीत ते पुनःपुन्हा उद्भवते. ताटावर बसताच दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, बेंबीच्या वर दुखते किंवा जळजळते, ढेकरा येतात, मळमळते. मुलाला दवाखान्यात नेले, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी केली, तर सारे काही ठीक असल्याचे सांगितले जाते. अशा वेळी घरात दोन तट पडतात. एका पक्षाच्या मते मूल शाळा चुकविण्यासाठी ढोंग करीत असते. दुसऱ्या पक्षाला वाटते की डॉक्टरांना रोग सापडलेला नाही, यास्तव दुसरा दवाखाना गाठला पाहिजे. पहिल्या समजुतीमुळे मुलाला बोलणी, प्रसंगी मार बसतो. दुसरीमुळे त्याच्या पोटात अनावश्यक औषधे जातात. वस्तुतः या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मुलाचे दुखणे खरे असते आणि त्याचे पोटही निरोगी असू शकते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे समजून घेणे हाच या विकारावरील उपचाराचा आरंभ होय.

प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याचे जीवन डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा विचार केला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव असलेले निफाड, कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखले जाणारे लासलगाव आणि द्राक्षांचे पिंपळगाव बसवंत यांच्या या परिसरात शेतीच्या हंगामाप्रमाणे घराचे घड्याळ बदलते. त्याबरोबर मुलांच्या जेवणाच्या वेळाही बदलतात. मुलांच्या अपचनाची पुष्कळशी कारणे या बदलत्या वेळांत दडलेली असतात.

कार्यात्मक अपचन म्हणजे काय?

अपचनाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात एखाद्या अवयवात दोष असतो : जठराला व्रण पडलेला असतो, आतड्यात जंत वा जंतुसंसर्ग असतो, यकृताला सूज असते. दुसऱ्या प्रकारात अवयवांची रचना निर्दोष असते, मात्र त्यांचे काम सुरळीत चालत नाही. घड्याळाची सर्व चाके शाबूत असावीत आणि तरीही ते मागे-पुढे चालावे, तसाच हा प्रकार. यालाच कार्यात्मक अपचन म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर त्याचा उल्लेख 'फंक्शनल डिस्पेप्सिया' असा आढळतो.

या विकाराचे निदान कसे करावे, याविषयी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरविलेले निकष 'रोम निकष' या नावाने ओळखले जातात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीनुसार, जेवणानंतर पोट जड वाटणे, थोडे खाताच पोट भरणे, अथवा बेंबीच्या वरच्या भागात दुखणे वा जळजळणे यांपैकी एखादा त्रास महिन्यातून किमान चार दिवस होत असावा, तो किमान दोन महिने चाललेला असावा, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध नसावा आणि योग्य तपासणीनंतर त्याचे दुसरे कारण आढळू नये. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. लग्नाच्या पंगतीत जास्त जेवल्यामुळे एक दिवस पोट बिघडले, तर त्याला हे नाव देता येत नाही. तसेच 'काही सापडले नाही म्हणून कार्यात्मक' एवढ्यावर हे निदान थांबत नाही. लक्षणांचा ठराविक नमुना जुळावा लागतो.

हा त्रास अपवादात्मक नाही. ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी सहकाऱ्यासमवेत एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, नित्याच्या कामात अडथळा येण्याइतके पोट दुखणारी मुले त्यांना दहांत एक याहून किंचित अधिक प्रमाणात आढळली. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या अवयवांत कोणताही दोष नव्हता. या पाहणीत पोटदुखीचे सर्वच प्रकार होते हे खरे. तथापि निरोगी अवयव असूनही मुलाचे पोट वारंवार दुखू शकते, ही गोष्ट तिने वैद्यकशास्त्रापुढे ठामपणे मांडली.

जठराचे काम आणि मनाचा त्याच्याशी संबंध

जठर ही केवळ अन्न साठविणारी पिशवी नव्हे. घास आत येऊ लागताच जठराचा वरचा भाग सैल पडून अन्नाला जागा करून देतो. खालच्या भागात मिनिटाला सुमारे तीन या गतीने आकुंचनाच्या लाटा उठतात. त्या अन्न घुसळून बारीक करतात आणि थोडे थोडे पुढे आतड्यात ढकलतात. तेलकट-तुपकट अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते. मऊ भात वा खिचडी त्यामानाने लवकर पुढे जाते.

कार्यात्मक अपचन असलेल्या मुलांपैकी काहींच्या जठराचा वरचा भाग पुरेसा सैल होत नाही, त्यामुळे चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. काहींचे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून जेवणानंतर जडपणा राहतो. तर काहींच्या पोटातील मज्जातंतू अधिक संवेदनशील असतात. जठर ताणले जाण्याची जी जाणीव इतर मुलांच्या लक्षातही येत नाही, तीच या मुलांना वेदना म्हणून भासते. हे ढोंग नव्हे. आवाज कमी असताना ध्वनिवर्धकाचे बटण कोणी वाढवून ठेवावे, तशी ही स्थिती असते.

पोट आणि मेंदू यांच्यातील देवाणघेवाण या ठिकाणी महत्त्वाची ठरते. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखमेच्या जागी थेट जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून पचनक्रियेचे कित्येक वर्षे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हा तरुण संतापला की त्याच्या जठराचे रूप व काम बदलते, असे त्यांनी नोंदविले. पुढे हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनी नुकत्याच शोध लागलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहिल्या. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मांजर त्रासले की जठरातील लाटा थांबतात आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होतात, असे दिसून आले. आपल्या प्राचीन वैद्यांनाही हे अपरिचित नव्हते. अन्न न पचण्याच्या कारणांत भय, क्रोध व ईर्षा यांची गणना सुश्रुतसंहितेत केलेली आहे.

कारणांचा शोध : घरात, शाळेत, शिवारात

कार्यात्मक अपचनाचे एकच एक कारण नसते. बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र येऊन ते उद्भवते व टिकून राहते.

पहिली गोष्ट म्हणजे सकाळचा नाश्ता. राज्यातील मैदानी भागात नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात होते. अशा कडाक्याच्या थंडीत मूल उशिरा उठते, कपभर चहात दोन बिस्किटे वा खारी बुडवून खाते आणि धावत एस. टी. गाठते. त्यानंतर दुपारपर्यंत पोटात काही जात नाही. रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा काही मुलांच्या पोटात जळजळ वाढवितो. शिवाय चहामुळे तात्पुरती भूक मरते आणि पुढच्या जेवणाची वेळ चुकते. थंडीत पाणीही कमी प्यायले जाते.

दुसरी गोष्ट हंगामाची. ऑक्टोबरमधील द्राक्षछाटणीपासून एप्रिलपर्यंतच्या काढणीपर्यंत, त्यातच उन्हाळ कांद्याच्या काढणीच्या दिवसांत, घरातील मोठी माणसे पहाटेपासून शेतात असतात. सकाळी एकदाच केलेला स्वयंपाक मुले आपापल्या सोयीने खातात. दिवसभर काहीतरी चघळणे आणि रात्री नऊ-दहा वाजता सर्व जण एकत्र बसल्यावर पोटभर जेवून लगेच झोपणे, हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. बागांमध्ये कामासाठी पेठ, सुरगाणा या भागांतून येणाऱ्या मजूर कुटुंबांच्या मुलांची स्थिती आणखी वेगळी असते. अशा मुलाचे पोट अकरा वाजता दुखत असेल, तर त्याने सकाळपासून काय खाल्ले, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. भुकेला अपचनाचे नाव देण्याची चूक कोणी करू नये.

तिसरी गोष्ट खाऊची. खिशातल्या पाच-दहा रुपयांत शाळेजवळच्या टपरीवर मिळणारे तळलेले, तिखट-मिठाचे पाकीटबंद पदार्थ आणि वायुयुक्त थंड पेये पोट फुगवितात व जेवणाची जागा घेतात. एखाद्या पदार्थाने प्रत्येक मुलाला त्रास होतोच असे नाही. परंतु ज्याला होतो, त्याच्या बाबतीत तो पुनःपुन्हा होतो.

चौथी गोष्ट बहुधा बोलली जात नाही. शाळेतील शौचालय अस्वच्छ असेल, तेथे पाणी नसेल वा दाराला कडी नसेल, तर मुले, विशेषतः मुली, दिवसभर शौचाचा वेग रोखून धरतात आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. यातून बद्धकोष्ठ जडते. तुंबलेल्या आतड्यामुळे जठर रिकामे होण्याची क्रियाही मंदावते. वरच्या पोटाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या शौचाची चौकशी डॉक्टर करतात, ती यासाठीच.

पाचवी गोष्ट पूर्वीच्या आजाराची. जुलाब-उलट्यांची साथ येऊन गेल्यावर काही मुलांचे पोट आठवडे वा महिने हळवे राहते. ताप वा डोकेदुखीसाठी वरचेवर, रिकाम्या पोटी दिलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही जठराला त्रासदायक ठरतात.

सहावी गोष्ट मनाची. परीक्षा, वर्गातील अपमान, मोठ्या मुलांची दांडगाई, घरातील भांडण, व्यसन, कर्जाची काळजी किंवा गारपिटीने बाग गेल्याची चर्चा या साऱ्या गोष्टी मूल ऐकत असते. ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. मग पोट बोलू लागते. मूल सोमवारी सकाळी आजारी व रविवारी ठणठणीत असेल, तर त्याला खोटे ठरविण्याऐवजी शाळेत त्याला कशाची धास्ती वाटते, हे शोधावे. अपुरी झोप व रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणे यांचीही यात भर पडते.

आधी धोक्याची लक्षणे ओळखा

प्रत्येक पोटदुखी कार्यात्मक नसते. पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे :

(१) वजन घटणे, उंची वा वाढ खुंटणे.
(२) उलटीत रक्त वा हिरवे पित्त येणे. शौचातून रक्त जाणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे.
(३) दुखण्याने मूल झोपेतून जागे होणे.
(४) दीर्घकाळ ताप, कावीळ, गिळताना त्रास, पोट फुगत जाणे वा पोटात गाठ लागणे.
(५) पोटाच्या उजव्या बाजूला, विशेषतः खाली, सतत दुखणे. बेंबीभोवती सुरू झालेली वेदना उजवीकडे खाली सरकली व तिच्यासोबत ताप-उलटी असेल, तर आंत्रपुच्छाची सूज असू शकते.
(६) जुनाट जुलाब, तोंडात वारंवार व्रण, सांधे सुजणे.
(७) डेंग्यूसारख्या तापाच्या आजारात ताप उतरत असताना पोट जोराने दुखणे व वारंवार उलट्या होणे.

द्राक्षबागांच्या परिसरात आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. नुकतीच औषध फवारणी झालेल्या बागेत मूल गेले असेल, तेथील न धुतलेली द्राक्षे त्याने खाल्ली असतील किंवा औषधाचा रिकामा डबा हाताळला असेल, आणि त्यानंतर अचानक पोटात मुरडा, उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम सुटला व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा समजावी. अंगावरचे कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी, उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून औषधाच्या डब्यासह मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

आंत्रपुच्छाच्या सुजेत 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळणे किंवा एरंडेल पाजणे प्राणावर बेतू शकते. ही समजूत ग्रामीण भागात खोलवर रुजलेली असल्याने तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

तपासण्या किती कराव्यात?

वरील लक्षणे नसतील, मुलाचे वजन-उंची वयाप्रमाणे वाढत असेल आणि डॉक्टरांना हाताने तपासताना काही वावगे आढळले नाही, तर फार तपासण्यांची गरज नसते. रक्त, लघवी व शौच यांच्या साध्या तपासण्या बहुधा पुरतात. गव्हातील ग्लुटेन न सोसणे, दुधातील साखर न पचणे, जियार्डियासारखे परजीवी यांचा संशय आल्यास डॉक्टर त्या दिशेने पाहतात. दुर्बिणीची तपासणी सरसकट करावयाची नसते.

जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध १९८२ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी लावला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूमुळे व्रण होतो हे खरे असले, तरी भारतात तो असंख्य निरोगी मुलांच्या जठरातही असतो. म्हणून केवळ कार्यात्मक पोटदुखीसाठी त्याची तपासणी करून प्रतिजैविके देऊ नयेत, असे बालरोग-पचनतज्ज्ञांच्या युरोपीय व अमेरिकी संस्थांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. प्रत्येक नवी तपासणी मुलाच्या मनात 'मला काहीतरी मोठे झाले आहे' ही भीती वाढविते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

उपचार : औषधाआधी दिनक्रम

पहिला उपचार म्हणजे स्पष्टीकरण. "तुझे पोट खरेच दुखते, हे आम्हाला माहीत आहे. पोटात जखम नाही, रोग नाही. पोट जरा हळवे झाले आहे आणि ते हळूहळू बरे होईल," असे डॉक्टरांनी व पालकांनी मुलाला त्याच्या भाषेत सांगावे. या चार वाक्यांनी कित्येक मुलांचे निम्मे ओझे उतरते.

दुसरा उपचार जेवणाच्या वेळांचा. दिवसातून दोनदा तुडुंब जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे या मुलांना मानवते. सकाळी चहाऐवजी दूध, नाचणी-ज्वारीची पेज, उपमा वा भाकरीचा कुस्करा; दुपारी वरण-भात, पोळी किंवा भाकरी व भाजी; शाळेतून आल्यावर केळे, पेरू अथवा मूठभर भाजलेले शेंगदाणे; रात्री झोपण्यापूर्वी दोन तास आधी मुगाच्या डाळीची खिचडी व ताक. यांपैकी एकही वस्तू महागड्या दुकानातील नाही. जेवताना मूल शांत बसलेले असावे, समोर मोबाइल वा दूरचित्रवाणी संच नसावा आणि ताटातले संपविण्याची सक्ती नसावी. घरातील सर्वांनी रोज निदान एक वेळ एकत्र बसावे. ज्या घरी हंगामात हे शक्य नाही, तेथे पहाटे शेतावर निघण्यापूर्वी मुलाचा एक डबा वेगळा भरून ठेवावा व तो केव्हा उघडावयाचा, ते ठरवून द्यावे. एखादा पदार्थ त्रास देतो असा संशय असल्यास तो दोन आठवडे वगळून पाहावे. फरक नसेल तर पुन्हा सुरू करावा. एकामागून एक पदार्थ बंद करीत गेल्यास मुलाचे पोषणच धोक्यात येते.

तिसरा उपचार शौचाच्या सवयीचा. न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटे मुलाला शौचास बसवावे. जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, तिचा लाभ मिळतो. पाणी, पालेभाज्या, फळे व खेळ यांची जोड द्यावी. बद्धकोष्ठ जुने असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

चौथा उपचार लक्ष देण्याच्या पद्धतीचा. मायेपोटी पालक दर तासाला "आता दुखतंय का?" असे विचारतात. पालकांनी वेदनेकडे सारखे लक्ष वेधले की मुलांच्या तक्रारी वाढतात आणि मन दुसरीकडे गुंतविले की त्या कमी होतात, असे अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले आहे. दुखणे ऐकून घ्यावे, थोडा वेळ विसावा द्यावा, नंतर मुलाला खेळात वा कामात गुंतवावे. पोट वर-खाली होईल असा दीर्घ, संथ श्वास घेण्याचा सराव रोज दहा मिनिटे केल्यास उपयोग होतो. तक्रार दीर्घकाळ टिकल्यास मानसोपचारातील वर्तनोपचाराची मदत घ्यावी. त्यामुळे मूल वेडे ठरत नाही. पोट व मन यांची गाठ सोडविण्याचा तो शास्त्रशुद्ध मार्ग होय.

पाचवा उपचार म्हणजे शाळा बंद न करणे. घरी राहिलेले मूल अभ्यासात मागे पडते, मागे पडले की धास्ती वाढते आणि धास्तीने पोट अधिक दुखते. हे चक्र तोडण्यासाठी अर्धा दिवस का होईना, मुलाने शाळेत जावे.

औषधांचे स्थान यानंतरचे. जळजळ व वेदना अधिक असल्यास डॉक्टर आम्ल कमी करणारे औषध ठराविक आठवड्यांपुरते देतात. मळमळ व जडपणासाठी इतर औषधे निवडक मुलांना दिली जातात. यांपैकी काहींचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर, तर काहींचा झोपेवर होऊ शकतो. म्हणून एका मुलाची चिठ्ठी दुसऱ्यासाठी वापरणे किंवा दुकानातून परस्पर बाटली आणणे धोक्याचे आहे. सलाइन, शक्तीचे इंजेक्शन, भूक वाढविणारे टॉनिक आणि दरमहा जंताची गोळी यांची या विकारात आवश्यकता नाही. ओवा, जिरे, सुंठ यांचा स्वयंपाकातील वापर वा कोमट पाण्यातून चिमूटभर सेवन करावयास मोठ्या मुलांना हरकत नाही. मात्र धोक्याची लक्षणे असताना घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

दोन आठवड्यांची वही

पालकांना करता येण्याजोगी एक सोपी गोष्ट येथे सुचवावीशी वाटते. शाळेच्या जुन्या वहीत रोज एक ओळ लिहावी : मूल केव्हा उठले, काय व केव्हा खाल्ले, शौचास झाले का, दुखणे केव्हा आले व किती वेळ टिकले, त्या दिवशी विशेष काय घडले. अमुक झाल्याने दुखले, असा निष्कर्ष मात्र लिहू नये.

समजा, सहावीतील एका मुलाची अशी वही आहे. चौदा दिवसांत सहा वेळा दुखणे आले. सहाही वेळा सकाळी फक्त चहा-बिस्किट होते. त्यांतील चार दिवस गणिताच्या तासाचे. दोन रविवारी तक्रार नाही. शौच तीन दिवसांतून एकदा. ही वही पाहून डॉक्टरांना जे कळेल, ते महागड्या तपासणीतून कळणार नाही. अशा मुलासाठी न्याहारी बदलणे, शौचाची वेळ लावणे आणि गणिताच्या शिक्षकांशी बोलणे हा उपचार ठरतो. हे उदाहरण काल्पनिक आहे. मात्र आपल्या घरची वही लिहून पाहिल्यास तिच्यातही एखादी संगती हाती लागण्याचा संभव आहे.

शाळा व शासकीय आरोग्यसेवा

या कामी पालक एकटे नाहीत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शाळांना भेट देऊन मुलांची तपासणी करतात. त्या वेळी मुलाच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीची नोंद शिक्षकांनी पथकाला आवर्जून द्यावी. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना गोळी विनामूल्य दिली जाते. ती घेतलेली असल्यास पुन्हा पुन्हा जंताचे औषध देण्याचा मोह टाळावा. शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. ठरलेल्या वेळी, वर्गमित्रांसोबत बसून घेतलेले हे ताजे जेवण हळव्या पोटाच्या मुलालाही लाभदायक असते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. त्यामुळे मिळणारा वेळ झोप व न्याहारी यांसाठी वापरला गेला, तरच त्याचा हेतू सफल होईल.

शिक्षकांच्या हाती दोन गोष्टी आहेत. शौचास वा लघवीस जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाला कधीही अडवू नये. आणि पोट दुखणाऱ्या मुलाची वर्गासमोर टवाळी होऊ देऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीने शौचालयातील पाणी व दाराची कडी यांकडे दिलेले लक्ष हेही मुलांच्या आरोग्याचेच काम होय.

कार्यात्मक अपचन जिवावर बेतणारे नाही. बऱ्याच मुलांच्या तक्रारी काही आठवड्यांत वा महिन्यांत कमी होतात. काहींच्या मोठेपणीही अधूनमधून डोके वर काढतात. त्यासाठी धीर धरावा लागतो. मुलाने पोट दुखत असल्याचे सांगितले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा, धोक्याची लक्षणे नाहीत याची प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात खात्री करून घ्यावी आणि मग त्याच्या न्याहारीपासून सुरुवात करावी. द्राक्षाच्या घडाला पाणी केव्हा व किती द्यावे, याचे काटेकोर वेळापत्रक पाळणाऱ्या या तालुक्याला आपल्या मुलांच्या जेवणाचे वेळापत्रक सांभाळणे कठीण जाऊ नये.